पाऊण वाजताची सावली : विज्ञानाच्या तासाबद्दल एक खुले पत्र

प्रति,
प्राथमिक शाळांतील विज्ञानाचा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि शिक्षक प्रशिक्षण ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ यांस,

सादर नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. त्यातली बहुतेक वर्षं पाचवी ते सातवीचं विज्ञान माझ्याकडे आहे. आता नवा अभ्यासक्रम एकेका इयत्तेला लागू होतो आहे, म्हणून हे पत्र. काही मागण्या आहेत, पण त्याआधी माझी एक चूक सांगते. मागण्या तिच्यातूनच आल्या आहेत.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. सहावीच्या मुलांना घेऊन मी मैदानावर सावली मोजायला गेले. एका मुलाचे वडील गवंडी, त्यामुळे तो घरून ओळंबा घेऊन आला होता. ओळंबा लावून आम्ही मीटरभर उंचीची काठी सरळ उभी केली. दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि शिवणकामाच्या टेपने अंतर मोजायचं. मधली सुट्टी झाली, डबे खाऊन झाले, तरी मुलं काठीजवळून हलली नाहीत. बारा वाजता सावली ६७ सेंटिमीटर भरली. सव्वाबाराला ६४, साडेबाराला साडेबासष्ट, पाऊण वाजता ६२ला जराशी कमी, एक वाजता ६२, सव्वाला साडेत्रेसष्ट, दीड वाजता ६६.

मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सर्वांत लहान सावली बारा वाजता पडते. ओळंबा आणणाऱ्या मुलाने वहीत लिहिलं, ‘पाऊण वाजता’. मी म्हटलं, काठी हलली असेल, नाहीतर घड्याळ पुढे असेल. मग फळ्यावर निष्कर्ष लिहिला : दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते. सगळ्यांनी उतरवून घेतला. त्या मुलाने रबराने स्वतःचा आकडा खोडला, वर माझा लिहिला, आणि मी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केली.

मुलांचं बरोबर होतं हे मला चार-पाच वर्षांनी, शिक्षकांच्या एका खगोल शिबिरात कळलं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि ती रेषा प्रयागराजच्या पूर्वेकडून जाते. आमचं गाव साधारण ७४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमच्याकडे सूर्य मध्यावर यायला घड्याळाच्या मानाने चौतीस मिनिटं उशीर होतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला आणखी चौदा मिनिटं त्यात पडतात. म्हणजे बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. मुलांनी काठी, टेप आणि भिंतीवरचं घड्याळ एवढ्यावर मोजलं होतं, तरी ती तीन मिनिटांच्या आत पोचली होती. नागपुरात हाच क्षण आमच्या वीस मिनिटं आधी येतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडेच तो सव्वाबाराच्या सुमारास येतो. केवढा मोठा धडा त्या मैदानावर माझ्या पायाशी पडला होता, आणि मी तो खोडायला लावला.

रेखावृत्ताचं गणित मला तेव्हा ठाऊक नव्हतं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. शिक्षकाला सगळं ठाऊक नसतं. वाईट वाटतं ते याचं की स्वतःच्या हाताने घेतलेली सात मोजमापं एका छापील वाक्यापुढे हरतात, हे मी बेचाळीस मुलांना त्या दिवशी शिकवलं. हा धडा मुलं विसरत नाहीत. पुढच्या प्रयोगाला त्यांनी मोजायच्या आधीच विचारलं, ‘बाई, उत्तर किती यायला पाहिजे?’

महोदय, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत ऐकू येईल. आपल्या प्रयोगवहीचा साचा बघा : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. साचा चांगला आहे, पण पाचही मथळ्यांखालचा मजकूर फळ्यावरून उतरतो. मी कितीतरी वर्गांत पाहिलंय, प्रयोग गुरुवारी असतो आणि निरीक्षण मंगळवारीच लिहून झालेलं असतं. पाठ्यपुस्तकांत ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी आहेत आणि त्या लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण बऱ्याचदा ‘करून पहा’च्या खालच्या दोन ओळींतच काय दिसणार ते छापलेलं असतं. मग मूल कशाला करून पाहील?

सावलीच्या प्रसंगानंतर मी एक गोष्ट बदलली. प्रयोग होईपर्यंत मी फळ्याला हात लावत नाही. त्याने काय होतं ते एका जुन्या, सगळ्यांच्या ओळखीच्या प्रयोगावरून सांगते. परातीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. आम्ही शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो : हवेतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. मलाही असंच शिकवलं होतं.

एका वर्षी मी काहीच न सांगता मुलांना नुसतं बघायला लावलं आणि दिसेल ते लिहा म्हटलं. खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, जळत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही. विझल्यावर भसकन वर आलं.’ पुन्हा केलं. खरंच तसं होतं. दुसऱ्याने सांगितलं की ग्लास पालथा घालताना कडेने बुडबुडे सुटतात. मग त्या मुलीनेच विचारलं, ‘दोन मेणबत्त्या लावून बघू या?’ ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. पाणी पहिल्यापेक्षा जास्त चढलं. आता पाचव्या हिश्श्याचा हिशेब कसा लावायचा?

दोन तास आम्ही भांडलो. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बाहेर जाते. विझल्यावर उरलेली हवा निवते, आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. इथवर मुलं जवळजवळ स्वतःच आली, शेवटचा हात मी दिला. सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच मेणबत्ती विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइड तयारही होतो, हे मात्र मी सांगितलं, कारण ते डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

तास संपला आणि ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘बाई, मग पेपरात काय लिहू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तरसूची माझ्या हातात नसते. ती आपल्या हातात असते, म्हणून हे पत्र आपल्याला.

निरीक्षण, वर्गीकरण, मापन, अंदाज, अनुमान, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं, नोंद ठेवणं, दुसऱ्याला पटेल असं मांडणं : या कौशल्यांची यादी प्रत्येक शिक्षक हस्तपुस्तिकेत पहिल्या पानावर असते. यादी पाठ असणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. पण निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं, हे आमच्यापैकी किती जणांनी स्वतः अनुभवलंय? ‘पाणी चढलं’ हे निरीक्षण आहे. ‘ऑक्सिजन संपला म्हणून चढलं’ हे अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हा दाखला आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राने, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी दिला. धूर दिसला आणि अग्नी ताडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पाचवीच्या मुलाला अर्ध्या तासात समजतो. ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ एकाच श्वासात फळ्यावर लिहिले की मात्र तो दहावीपर्यंत समजत नाही.

यासाठी प्रयोगशाळा लागते असं कुणी म्हणालं तर मी त्यांना आमच्या गावातलं कुठलंही स्वयंपाकघर दाखवीन. बी रुजायला काय लागतं, हा पाठ घ्या. मी विचारलं तर अर्ध्या वर्गाचं उत्तर ‘ऊन’. एका मुलीने हात वर केला : ‘आई थंडीत मटकीचं गाठोडं चुलीपाशी ठेवते, पण डब्यात झाकून. डब्यात कुठं ऊन असतं?’ झालं, तिथून आठवडाभराचा प्रयोग सुरू झाला. एक गाठोडं झाकलेल्या डब्यात, एक खिडकीत, एक कोरडंच, एक पाण्यात पूर्ण बुडवलेलं. पहिल्या दिवशी एका गटाने खिडकीतलं गाठोडं कोरडं ठेवलं आणि डब्यातलं ओलं. डब्यातल्याला मोड आले तेव्हा भांडण लागलं, की हे अंधारामुळे की पाण्यामुळे? कुणालाच सांगता येईना. ‘एका वेळी एकच बदल’ हे वाक्य मला उच्चारावं लागलं नाही. मुलांनीच दोन्ही गाठोडी पुन्हा भिजवली. बुडवलेली मटकी तिसऱ्या दिवशी आंबली, तिचा वास सगळ्या वर्गाने घेतला, आणि हवा लागते हे कुणाला लिहून द्यावं लागलं नाही.

या प्रयोगाला सहा दिवस लागले. आमची तासिका पस्तीस मिनिटांची असते.

गैरसमज नको म्हणून एक सांगते. सगळं ज्ञान मुलांनी शोधून काढावं, असं माझं म्हणणं नाही. जंतूंमुळे रोग होतो हे कुठलंही मूल वर्गात बसून शोधणार नाही. ते सांगायचं असतं, नीट आणि ठामपणे सांगायचं असतं. पण मुलाने वर्षातून चार-सहा वेळा तरी एखादी गोष्ट स्वतः मोजून, चुकून, पुन्हा मोजून ठरवलेली असली पाहिजे. नाहीतर आपण सांगितलेलं आणि बाजारात कुणी अंगाऱ्याबद्दल सांगितलेलं, या दोन्हींत फरक करायला त्याच्याकडे साधनच नसतं. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये शोधक बुद्धी हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये घातलं गेलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ तर कृतीतून आणि शोधातून शिकण्याबद्दल स्पष्ट बोलतं. कागदावर आपण सगळे एकमत आहोत.

मग अडतं कुठे? आपल्याला बहुधा वाटत असेल की शिक्षकांच्या मानसिकतेत. मला तसं वाटत नाही. अडतं ते साध्या, कारकुनी वाटणाऱ्या गोष्टींत.

शाळेला विज्ञान पेटी मिळते. ती साठा नोंदवहीत चढते. परीक्षानळी फुटली तर ती नोंदवहीतून कमी करायला निर्लेखनाचा प्रस्ताव, सह्या, तपासणीत प्रश्न. म्हणून पेटी कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. माझ्या ओळखीच्या एका शाळेत दहा वर्षांपूर्वीची भिंगं अजून कागदी वेष्टनात आहेत. मुलांच्या हातून दरवर्षी काही काच फुटणारच. ती फुटणं हा खर्च आहे असं एका ओळीच्या परिपत्रकाने मान्य करा. वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचं सामान ‘उपभोग्य’ धरा, म्हणजे ते स्टॉकात अडकणार नाही. माझ्या मते याहून स्वस्त सुधारणा दुसरी नसेल.

मूल्यमापनाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण खरी गाठ तिथेच आहे. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सहावीला त्यात निम्मे गुण आकारिकाचे, म्हणजे वर्गात शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचे, आणि आकारिकाच्या आठ साधनतंत्रांत दैनंदिन निरीक्षण आहे, प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. म्हणजे मुलाने मोजलं कसं, विचार कसा केला, याला गुण द्यायची सोय आधीपासूनच आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आम्ही सगळे जाणतो. वर्णनात्मक नोंदी तयार छापील मिळतात, आता मोबाइलवरही फिरतात. ‘परिसरातील घटकांचे सूक्ष्म निरीक्षण करतो’ हे वाक्य तीस मुलांपुढे उतरतं. त्यातल्या कुणी नेमकं काय पाहिलं, हे नोंदीत कुठेच नसतं. त्यातून नियतकालिक चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या. ज्याची चाचणी नाही त्या विषयाचा तास सगळ्यांत आधी कापला जातो. हे चूक आहे, पण दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळताना ते होतं.

विज्ञानाचीही तशीच चाचणी लावा, असं मी मागत नाही. मी लेखी पेपरातले फक्त दहा गुण मागते. त्या दहा गुणांत पाठ करून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न असावा. वर दिलेली सावलीची सात मोजमापं तशीच छापा आणि विचारा : सावली सर्वांत लहान केव्हा होती? पावणेदोनला ती साधारण किती असेल? कशावरून? किंवा मटकीच्या गटाने केलेला तो फसलेला प्रयोग द्या आणि विचारा की यावरून अंधाराबद्दल काही ठरवता येईल का. याला साहित्य लागत नाही, फक्त छापील कागद लागतो. ज्या शाळांना जमेल त्यांनी मुलांपुढे हरभरा, गहू, मूग, ज्वारी, शेंगदाणा अशी मूठभर मिसळ ठेवावी : दोन गट करा, कशाच्या आधारे केले ते लिहा. कुणी आकाराने करील, कुणी डाळ होते की नाही यावरून, एखादं मूल ‘आमच्या रानात पिकतं आणि पिकत नाही’ असंही करील. आधार स्पष्ट असेल आणि प्रत्येक दाणा त्या आधारावर बसत असेल, तर तिन्ही उत्तरांना पूर्ण गुण. उत्तरसूचीत हे असं लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर तपासणारा बिचारा एकच उत्तर बरोबर धरणार.

हे मोठ्या प्रमाणावर जमत नाही, हे मी पुष्कळदा ऐकलंय. म्हणून शेजारच्या राज्यातलं उदाहरण आठवून देते. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीला, प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या काळात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिकही तिथे जाऊन शिक्षकांबरोबर बसत होते. पुढे हे काम अनेक जिल्ह्यांत, शेकडो साध्या सरकारी शाळांत गेलं. तिथे परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि लेखीबरोबर प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होती. मुलं आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्राने पाठवायची आणि त्यांना उत्तरं यायची. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमून अडचणी सोडवायचे. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. पण तीस वर्षं ते सरकारी यंत्रणेत, सरकारी शिक्षकांनीच चालवलं होतं. आपल्याकडे १९७४ मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवत अनेक वर्षं काम केलं. ज्ञान घरात आहे. ते तालुक्याच्या गावापर्यंत उतरत नाही, एवढंच.

आणि म्हणून प्रशिक्षण. गेल्या काही वर्षांत मी जी प्रशिक्षणं केली त्यांत ‘कृतियुक्त अध्ययन’ या विषयावर दिवसभर खुर्चीत बसून स्लाइड बघितल्या. शिकवणारे तळमळीचे होते, पण त्यांनाही वरून तेच मिळालं होतं. महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते. तिच्यातला निम्मा वेळ एका प्रयोगाला द्या, आणि तो शिक्षकांनी स्वतः करायचा. उत्तर आधी कुणी सांगायचं नाही. ज्या दिवशी आम्ही शिक्षक आपसांत ‘पाणी का चढलं’ यावर हमरीतुमरीवर येऊ, त्या दिवशी आम्हाला मुलांचा गोंगाट सहन होऊ लागेल. केंद्रप्रमुखांनाही विनंती की वर्गभेटीत एक प्रश्न मुलांना जरूर विचारावा : ‘हे तुला कसं कळलं?’ उपक्रमाचा फोटो ग्रुपवर आला की नाही, हे त्यानंतर.

अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांना आणखी एक. आपल्या भूगोलाला धरून लिहा. ‘दुपारी सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आमच्या गावात वर्षातून दोनदाच खरं असतं : १० मेच्या आसपास, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा आभाळ भरलेलं. बाकीचे दिवस सावली असतेच, आणि ती दर जिल्ह्यात वेगळी असते. सिंधुदुर्गातल्या, नंदुरबारच्या आणि गोंदियाच्या सहावीच्या मुलांनी एकाच दिवशी सावली मोजली आणि आकडे एकमेकांना कळवले, तर त्यातून अक्षांश-रेखांश शिकवता येतील. पुस्तकात उत्तर न छापता तेवढी एक रिकामी चौकट सोडा.

ओळंबा आणणारा तो मुलगा आता स्वतः गवंडीकाम करतो. शाळेच्या नव्या कुंपणाच्या भिंतीवर तो कामाला होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं : ८२.५ अंश, चौतीस मिनिटं, चौदा मिनिटं. त्याने थापी खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मला वाटायचंच बाई, काठी हलली नव्हती. ओळंबा माझा होता.’

येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मैदानावर काठी पुन्हा उभी राहील. सहावीची मुलं नवी आहेत, निष्कर्षाची ओळ रिकामी ठेवली आहे. आपल्यापैकी कुणाला येणं जमलं तर साडेअकराच्या आत या आणि दीडपर्यंत थांबा. टेपचं एक टोक धरायला माणूस लागतोच.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
सातारा जिल्हा